बहिणाबाई आणि आपल्या दिंडीतल्या माऊल्या
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. बोलण्यात मागं-पुढं झालं तर लेकरू समजून सांभाळून घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, आज कीर्तन नको, दोन शब्द बोला. मी ठरवलं, एका आईबद्दल बोलू. ती आपल्याच मुलखातली, बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाई आसोद्याच्या लेक. जन्म १८८० चा, महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि जळगावला चौधऱ्यांच्या घरी आल्या. ऐन तिशीत कपाळाचं कुंकू गेलं. पदरात तीन लेकरं: काशी, ओंकार आणि सोपान. त्यात प्लेगाच्या साथीनं ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. त्या काळी विधवा बाईचं जिणं कसं होतं, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी काय सांगू! पण ही माय हात टेकून बसली नाही. शेत पाहिलं, दळलं, कांडलं, लेकरं वाढवली. अक्षरओळख नव्हती. तरी जात्यावर बसली की गाणं, शेतात गेली की गाणं, तेही आपल्या बोलीत. पेरणी, आखाजी, माहेर, विहिरीची मोट, सुगरणीचा खोपा, जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं गाणं झालं. पोथी वाचता येत नव्हती, पण देव तिला पिकात दिसत होता.

आता मंडळी, इथं जरा कान द्या. ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी सोनं ओळखलं, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणजे महाराष्ट्राला ही माय कळली, ती तिच्या माघारी. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. जिला लिहिता येत नव्हतं, तिच्या नावाची पदवी आज आपली नातवंडं घेतात!

लेकानं लिहिलं नसतं तर? जात्याबरोबर गाणंही थांबलं असतं. त्या काळी गावोगाव बाया जात्यावर गात होत्या. किती आया गेल्या, किती ओव्या गेल्या, हिशेब आहे का कुणाकडं?

आता आपल्या दिंडीकडं या. या ग्रंथात विणेकऱ्यांची नावं येतील, चोपदारांची येतील, अन्नदात्यांची फोटोसकट येतील. यावीतच, त्यांचा मान आहे. पण ते अन्न शिजवलं कुणी? पूर्वी बैलगाडी होती, आता ट्रक आहे. पूर्वी तीन दगडांची चूल होती, आता गॅस आहे. पीठ मळणारे हात मात्र तेच आहेत. जनाबाईसंगं देव दळायला बसला, हे आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. त्याच वेळी मंडपामागं आपल्या जनाबाया भाकरी थापत असतात, आणि ते कीर्तन त्यांना धड ऐकायलाही मिळत नाही. आपण मुक्ताईच्या मुलखातली माणसं. धाकटी बहीण असून तिनं रुसलेल्या ज्ञानोबांची समजूत काढली. त्या मुक्ताईच्या नावानं पालखी घेऊन आपण पंढरीला जातो. मग आपल्या घरातल्या मुक्ताईला कसं विसरायचं?

आमच्या गावची एक आजी होती. आखाजी झाली की घरोघर हिंडून दिंडीसाठी ज्वारी, उडीद, डाळ गोळा करायची. कुणी पसाभर दिलं तरी पदर पुढं करायची. एका पायलीत कळण्याच्या भाकरी किती होतात आणि किती माणसं जेवतात, हे तिच्या बोटांवर. वाटेत कुणा पोरीला ताप आला, तर डोक्यावरचं तुळशीवृंदावन दुसरीकडं देऊन रात्रभर तिच्या उशाशी बसायची. घरी सुना, नातवंडं, शेत, सगळं सांभाळून हे केलं. मरणाला टेकली, तेव्हा सुनेला विचारत होती, "दिंडीची डाळ निवडली का?"

या ग्रंथासाठी तिचं नाव हवं होतं. सगळं गाव तिला थोरल्या लेकाची माय म्हणूनच हाक मारायचं. तीन घरं फिरलो, कुणाला नाव सांगता येईना. शेवटी जुन्या रेशन कार्डावर सापडलं. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं नाव आम्हाला रेशन कार्डानं सांगितलं! मी ते संपादक मंडळींकडं लिहून दिलं आहे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या दिंडीत जमाखर्चाची वही आहे, तशी एक सेवेची वही करा. येत्या आषाढीच्या आत प्रत्येक घरातल्या नातवानं, नातीनं आजीपाशी बसावं. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव, पहिली वारी कोणत्या साली केली, आणि तिला येते ती एक तरी ओवी लिहून घ्यावी. मोबाईल आहे ना खिशात? मग तिचा आवाजही भरून ठेवा. जी गेली, तिचं नाव शेजारच्या म्हातारीला विचारा. आणि तरण्या टाळकऱ्यांनो, रोज निदान रात्रीची भांडी तुम्ही घासा, म्हणजे माऊल्या कीर्तनाला पुढं येऊन बसतील.

सोपानदेव शिकलेला लेक होता, त्यानं आईचं गाणं राखलं. आपण आईचं निदान नाव तरी राखू. ज्या माऊल्या अजून हयात आहेत, त्यांना आज घरी गेल्यावरच विचारा. उद्यावर टाकू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! आदिशक्ती मुक्ताई माता की जय!