नोंदवहीतले नाव आणि लेकरांचे शिक्षण

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत सोलापूर येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर धम्मावर, इतिहासावर, साहित्यावर अनेक विद्वानांनी आपले विचार मांडले. आम्ही विद्वान नाही. मंडळाच्या कार्यालयात बसून अर्ज लिहून देणे, कागद तपासणे, टपालाच्या पोचपावत्या जपून ठेवणे एवढेच आमचे काम. म्हणून आजचा विषयही कागदाचाच घेतला आहे. लष्करातील भरतीच्या नोंदीत झालेली एक चूक माजी सैनिकाच्या लेकराचे शिक्षण कसे अडवते आणि ती दुरुस्त कशी करून घ्यावी, हे आम्ही सांगणार आहोत. विषय रुक्ष वाटेल, परंतु ज्यांच्या घरात ही अडचण आली त्यांना तो रुक्ष वाटणार नाही.

लष्कर आणि शिक्षण यांचे आपल्या समाजात जुने नाते आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी सैनिकांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, पलटणीच्या शाळेत शिकावे लागे. गावची शाळा ज्यांना दारात उभे करीत नव्हती त्यांच्या घरात पाटी-पेन्सिल आली ती या वाटेने. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पोटाची भाकरी तर गेलीच, पण शाळेची वाटही बुजली. म्हणूनच गोपाळबाबा वलंगकर या सेवानिवृत्त सैनिकाने १८९४ साली सरकारकडे अर्जाची तयारी केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच मागणी मांडली. १९१७ साली पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून १११ वी महार पलटण उभी राहिली, पण १९२१ साली ती मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. नोंदवहीत आपले नाव यावे यासाठी आपल्या पूर्वजांना जवळजवळ पन्नास वर्षे झगडावे लागले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आलेले नाव नीट लिहिले गेले आहे की नाही, हे पाहणे आता आपले काम आहे.

आता प्रत्यक्ष घडलेली हकिकत सांगतो. आमच्या एका सभासदाची ही गोष्ट आहे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, नाव सांगत नाही. १९९३ साली ते शिपाई म्हणून भरती झाले आणि चोवीस वर्षे सेवा करून २०१७ साली हवालदार पदावरून घरी आले. भरतीच्या वेळी त्यांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला होता आणि त्यावर आडनावासह पूर्ण नाव होते. परंतु फॉर्मवर नाव इंग्रजीत उतरवताना आडनाव गळाले आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंगही निराळे पडले. चोवीस वर्षांत त्यावाचून काही अडले नाही, कारण पलटणीत माणूस आर्मी नंबरावर ओळखला जातो. पुढे मुलगी झाली तेव्हा आप्पा सीमेवर होते. घरून पत्र आले, त्यात "बेबी झाली" असे लिहिले होते. पलटणीतल्या लेखनिकाने मुलीचे नाव "बेबी" असेच नोंदवले. इकडे आजोबांनी शाळेत घालताना छान नाव ठेवले. ते लष्कराला कोणी कळवले नाही.

निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षे मुलीच्या शिक्षणाचे अनुदान मिळाले. तिसऱ्या वर्षी, ती अकरावीत गेली तेव्हा, अर्ज परत आला. शेरा असा होता की डिस्चार्ज बुकातील वडिलांचे नाव आणि मुलीच्या दाखल्यावरील वडिलांचे नाव जुळत नाही, आणि दाखल्यावरील मुलीची सैनिकाच्या कुटुंब-नोंदीत नोंद नाही. म्हणजे कागदाच्या हिशेबी आप्पा हे त्या मुलीचे वडीलच नव्हते. आप्पा आमच्यासमोर डिस्चार्ज बुक ठेवून म्हणाले, "साहेब, चोवीस वर्षं देशानं मला ओळखलं, आता माझी पोरगी मला ओळखीची नाही म्हणतात."

येथे आमची एक चूक प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण तीच चूक पुष्कळांच्या हातून होते. आम्ही घाईने नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. "माझे पूर्वीचे नाव हे होते, यापुढे हे राहील," असे त्यात लिहिले आणि राजपत्रात जाहिरातही दिली. चार महिन्यांनी कागद परत आले. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. नाव आज बदलले असेल, तर भरतीच्या वेळचे नाव बरोबरच होते. मग बदललेले नाव मुलीच्या दहा वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर कसे आले? आम्हीच आमच्या हाताने आप्पांना खोटे ठरवले होते. आप्पांनी नाव बदललेलेच नव्हते, नोंद चुकली होती. नाव बदलणे आणि नोंद दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आप्पा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले तेथे जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मिळवला. हा कागद सर्वात मोलाचा ठरला, कारण तो भरतीच्या आधीचा होता. भरतीनंतर तयार झालेले शंभर कागद जोडले तरी ते संशयाने पाहिले जातात. भरतीपूर्वीचा एक अस्सल कागद मात्र सांगतो की या माणसाचे नाव मुळातच असे होते. त्यासोबत "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असे नवे प्रतिज्ञापत्र केले. त्यात आर्मी नंबर, भरतीची तारीख आणि भरतीच्या वेळी नोंदलेल्या शरीरावरील खुणा लिहिल्या. मुलीसाठी ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड आणि आई-वडिलांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र जोडले. हा सर्व संच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. उत्तर येईना तेव्हा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली एवढेच विचारले की, आमचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे. या कायद्यात तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे. त्यानंतर फाईल हलली. नोंद दुरुस्त झाल्याचे पत्र आले, पेन्शनच्या आदेशातही दुरुस्ती झाली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. या सगळ्याला चौदा महिने लागले. मधल्या वर्षाचे अनुदान मात्र बुडाले ते बुडालेच. त्यातले चार महिने आमच्या चुकीमुळे गेले, याची टोचणी आम्हाला आजही आहे. त्या वर्षी आप्पांच्या मंडळींनी कानातले मोडून मुलीची फी भरली.

आता माजी सैनिक बांधवांनी कोणत्या गोष्टी पाहाव्यात ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, आज घरी गेल्यावर डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढा. त्यातील आपले, पत्नीचे व प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग हे आधार कार्डाशी व शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. मुलगी दहावीला जाण्याची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट, जे अजून सेवेत आहेत त्यांना निरोप द्या. विवाह, अपत्यजन्म, नाव यांची नोंद युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने होते. सेवेत असताना जे काम युनिटच्या ऑफिसात होते, त्याला निवृत्तीनंतर वर्ष लागते. पाळण्यातले नाव कळवू नका, दाखल्यावर जे नाव येणार तेच कळवा.

तिसरी गोष्ट, मूळ कागद टपालाने पाठवू नका. साक्षांकित प्रती पाठवा, रजिस्टर पोचपावती जपा आणि प्रत्येक पत्रावर आर्मी नंबर लिहा. नावात चूक असली तरी नंबर आपली ओळख सांभाळतो.

चौथी गोष्ट, जी नोंद खरी आहे तीच मागा. स्वतःची जन्मतारीख नोकरीच्या अखेरीस किंवा निवृत्तीनंतर बदलून मागण्याचा नाद सोडा. अशा उशिरा केलेल्या मागण्यांना न्यायालये थारा देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनाम सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. कोणी एजंट खोटा दाखला करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या कागदाने हक्काची पेन्शनही धोक्यात येईल. शिवाय मृषावाद न करण्याचे शील आपण रोज घेतो, ते फक्त विहारापुरते नाही.

पाचवी गोष्ट धर्माच्या रकान्याची. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध झालो, तरी अनेकांच्या लष्करी नोंदीत जुनाच धर्म राहिला. वडिलांच्या कागदावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, यामुळे जातीच्या दाखल्याच्या वेळी प्रश्न निघतात. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती राज्यस्थापनेच्या काळातच दिल्या. परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली. ती झाल्यामुळे धर्म बौद्ध लिहिला म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. ही भीती अजून खेड्यांतून आहे, ती काढून टाका.

या दुरुस्तीने मिळते काय, असा प्रश्न कोणी विचारील. केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण अनुदान हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळते. ते दरमहा एक हजार रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दोन हजार केले आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून चालू आहे. व्यावसायिक पदवीच्या अभ्यासक्रमासाठी तीत मुलींना दरमहा तीन हजार व मुलांना अडीच हजार मिळतात, परंतु प्रवेशाच्या पात्रता परीक्षेत किमान साठ टक्के गुण हवेत. श्रीमंताला ही रक्कम किरकोळ वाटेल. ज्या घरात पेन्शनवर सहा माणसे जेवतात, तेथे मुलीचे नाव कॉलेजात राहते की निघते, हे या रकमेवर ठरते.

सर्व करूनही दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले वसतिगृह उघडले ते याच सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी. बाबासाहेबांनी आपल्या संस्थेच्या कामात खेड्यातल्या पोराच्या राहण्या-जेवण्याची आणि वह्या-पुस्तकांची सोय आधी पाहिली. त्या शहरात आपण शिकतो आहोत. तुम्हाला इंग्रजी फॉर्म वाचता येतो, संगणकावर अर्ज भरता येतो. तुमच्या गल्लीत एखादा निवृत्त शिपाई किंवा वीरपत्नी असेल, त्यांच्याकडे महिन्यातून एक तास बसा. त्यांचे कागद वाचून दाखवा. मंडळाने दर रविवारी सकाळी वंदनेनंतर कागद तपासणीसाठी एक टेबल मांडण्याचे ठरवले आहे, तेथे आम्हाला हात हवे आहेत.

आप्पांची मुलगी आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी ती त्या टेबलावर बसून एका आजींचा अर्ज भरत होती. आजींच्या सुनेचे नाव नोंदीत "बेबी" निघाले. ती हसली नाही. तिने शांतपणे विचारले, "आजी, यांचा शाळेचा दाखला आहे का?"



जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!