कामाशिवाय आत येऊ नये

गिरणीच्या फाटकावर, छापखान्याच्या दारावर किंवा एखाद्या कचेरीच्या जिन्यापाशी ‘कामाशिवाय आत येऊ नये’ ही पाटी आपण सर्वांनीच वाचलेली आहे. ‘नो ॲडमिशन एक्सेप्ट ऑन बिझिनेस’ या इंग्रजी पाटीचे ते मराठी रूप. दोन्ही पाट्यांचा अर्थ एकच. पण बोलण्याची तऱ्हा मात्र अगदी निराळी. मराठी पाटी काम असलेल्या माणसाला आधी वाट करून देते आणि मग इतरांना अडवते. इंग्रजी पाटी प्रथम सर्वांनाच दारात रोखून धरते आणि मागाहून, एका लहानशा शब्दाने, दार किलकिले करते. आज मला या लहानशा शब्दाविषयी आणि त्याच्या भावंडांविषयी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपली पत्रे, अर्ज, बिले, भाडेपत्रे आणि कायदे यांचे पुष्कळसे लेखन अजून इंग्रजीत होते, आणि त्या लेखनात हितअहित ठरविणारा मजकूर नियमापेक्षा अपवादातच अधिक वेळा दडलेला असतो.

अपवाद सांगण्याची मूळ कल्पना सर्वत्र सारखीच आहे. इंग्रजीतील ‘एक्सेप्ट’ हा शब्द ‘बाहेर काढणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. ‘बट’ या शब्दाचा जुना अर्थही ‘बाहेर’ असाच होता. आपला ‘खेरीज’ अरबी ‘खारिज’पासून आला, त्याचाही अर्थ बाहेरचा. थोडक्यात, सर्वांभोवती एक कुंपण घालावयाचे आणि एकाला त्याबाहेर ठेवावयाचे, हेच अपवादाचे काम.

अडचण सुरू होते ती आपल्या ‘शिवाय’ या शब्दापासून. हा शब्द मोठा सोशिक आहे. तो एकटा तीन जणांचे काम करतो. ‘भावाशिवाय सगळे लग्नाला आले’ म्हटले की भाऊ आला नाही. ‘भावाशिवाय दोन बहिणीही आल्या’ म्हटले की भाऊ आलाच, वर बहिणी आल्या. आणि ‘भावाशिवाय ती जेवत नाही’ म्हटले की त्याच्या सोबतीविना तिचे पान मांडले जात नाही. मराठीत ‘सगळे’, ‘ही’, ‘नाही’ असे शेजारी शब्द आपल्याला सांभाळून घेतात. इंग्रजीत मात्र या तिघांची घरे वेगळी आहेत : पहिल्या ठिकाणी ‘एक्सेप्ट’, दुसऱ्या ठिकाणी ‘बिसाइड्स’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘विदाउट’. आपला विद्यार्थी पहिल्या वाक्यात ‘बिसाइड्स’ घालतो आणि न आलेल्या भावाला मांडवात आणून बसवितो.

खुद्द ‘एक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट फॉर’ यांतही भेद आहे. ‘रविवार सोडून रोज’ असे म्हणावयाचे असेल तर नुसते ‘एक्सेप्ट’ पुरते, कारण रविवार हा त्या रोजच्या दिवसांपैकीच एक आहे. पण ‘दोनचार चुका सोडल्यास निबंध चांगला आहे’ या वाक्यात चुका म्हणजे काही अनेक निबंधांपैकी एक निबंध नव्हेत. तेथे ‘एक्सेप्ट फॉर’ हवे. वाक्याच्या आरंभीही ‘एक्सेप्ट फॉर’ घालणेच बरे.

‘अनलेस’ आणि ‘अंटिल’ यांनी तर आपली फार फजिती केली आहे. ‘तू येत नाहीस तोवर मी थांबेन’ हे शुद्ध मराठी. त्यातला ‘नाहीस’ इंग्रजीत तसाच नेला की ‘तू न येऊ लागेपर्यंत मी थांबेन’ असे काहीतरी चमत्कारिक होऊन बसते. एका शाळेच्या फलकावर मी इंग्रजी सूचना वाचली होती. फी न भरल्यास नाव कमी केले जाईल, असे लिहिणाऱ्याला म्हणावयाचे होते. परंतु ‘अनलेस’च्या पोटात नकार असतोच हे विसरून त्याने आणखी एक ‘नॉट’ घातला होता. शब्दशः वाचले तर ज्यांनी फी भरली त्यांचीच नावे कापली जाणार होती! मुलांनी अर्थात मराठीतून विचार करून फी भरली, म्हणून शाळा टिकली.

‘बट’ची लीला याहून न्यारी. ‘ऑल बट वन’ म्हणजे एक सोडून सारे. पण ‘ऑल बट डेड’ म्हणजे मरण सोडून सारे काही झालेले, आपल्या भाषेत ‘मेल्यातच जमा’. ‘नथिंग बट’ म्हणजे ‘केवळ तेच’, आणि ‘एनिथिंग बट’ म्हणजे ‘ते सोडून वाटेल ते’, अर्थात ‘ते तर मुळीच नाही’. अशा वेळी एकेका शब्दाचा कोशातील अर्थ जोडीत बसू नये. सबंध शब्दसमूहाला मराठीत काय म्हणतात ते आठवावे.

परंतु सर्वांत महाग पडते ती ‘एक्सेप्ट’ आणि ‘ॲक्सेप्ट’ यांची गल्लत. उच्चार जवळजवळ एक, अर्थ अगदी उलट : एक वगळणारा, दुसरा स्वीकारणारा. माझे एक शेजारी बडोद्यास भाड्याच्या घरात राहत होते. घर सोडताना मालकाने भिंतींचा उडालेला रंग आणि झिजलेला उंबरठा यांसाठी अनामत रकमेतून मोठी कपात सांगितली. गृहस्थ सरळमार्गी. ते मला म्हणाले, ‘काय करणार, झीज मी मान्य केली आहे, कागदावर तसे लिहिले आहे.’ मी कागद मागवून घेतला. ‘रीझनेबल वेअर अँड टेअर एक्सेप्टेड’ असे शब्द होते. घर होते तसे परत करावे, मात्र वापराने होणारी रास्त झीज त्यातून वगळावी, असा त्याचा अर्थ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमातही भाडेकरूला ही सवलत आहे. ज्या शब्दाने त्यांचे रक्षण केले होते, तोच त्यांनी आपल्याविरुद्ध वाचला होता. मालकाला तो शब्द दाखविताच रक्कम परत मिळाली. पण न दाखविता ती गेलीच असती.

असाच ‘एक्सेप्टेड’ व्यापाऱ्यांच्या बिलाखाली ‘ई. अँड ओ. ई.’ या अक्षरांत असतो. चुका आणि गाळलेले वगळून हे बिल बरोबर आहे, अशी ती पुस्ती. बिल देणारा आपली दुरुस्तीची वाट मोकळी ठेवतो. आपले जुने दुकानदार त्याच जागी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहीत. चूकभूल द्यावी घ्यावी. येथे चूक दोघांचीही असू शकते, आणि देणेही आहे, घेणेही आहे. इंग्रजी अक्षरे एका पक्षाला राखतात, मराठी अक्षरे दोन्ही पक्षांना शेजारी बसवितात. भाषांतर म्हणून दोन्ही एकच मानली जातात, पण मला आपली पुस्ती अधिक माणुसकीची वाटते.

ही केवळ बिलांची आणि भाड्याची गोष्ट नव्हे. आपल्या संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाच्या जीविताला आणि व्यक्तिस्वातंत्र्याला संरक्षण दिले आहे. पण कायद्याने ठरविलेल्या पद्धतीचा अपवाद तेथेही ‘एक्सेप्ट’ या शब्दानेच केला आहे. १९५० साली गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धतीचा अर्थ, विधिमंडळाने कायदा करून ठरविलेली पद्धत, एवढाच घेतला. १९७८ साली मेनका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की ती पद्धत न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. अनुच्छेदाचे शब्द बदलले नव्हते. बदलले ते इतकेच की ‘एक्सेप्ट’च्या दारातून काय आत येऊ शकते. पण त्या एवढ्या बदलाने नागरिकाचे स्वातंत्र्य किती विस्तारले!

शेवटी एक व्यवहारातले पथ्य सांगतो. मराठीत आपण अपवाद बहुधा आधी सांगतो. इंग्रजीत तो बहुधा शेवटी येतो. म्हणून इंग्रजी कागद वाचताना नियमापाशी थांबून निःश्वास टाकू नये, किंवा हबकूनही जाऊ नये. पूर्णविरामापर्यंत जावे. कोण कुंपणात आहे आणि कोणाला बाहेर काढले आहे, हे आपल्या भाषेत स्वतःला एकदा सांगावे, आणि मगच सही करावी. पाटीवर प्रवेश बंद असे लिहिलेले दिसले, तरी पुढचे दोन शब्द वाचावेत. कदाचित ते दार आपल्यासाठीच उघडे ठेवलेले असेल.