सहनशक्तीची शर्यत आणि तिचे नियम



सायकल हे महाराष्ट्राच्या नित्य परिचयाचे वाहन. दूधवाला, पोस्टमन, शेजारच्या गावी शिकवायला जाणारा शिक्षक आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून शाळा गाठणारी आठवीतली मुलगी, या सर्वांना ती श्रम वाचविणारे साधन म्हणून ठाऊक आहे. युरोपात मात्र याच साधनाचा उपयोग श्रम वाढविण्यासाठी, किंबहुना मनुष्य किती श्रम सोसू शकतो हे पाहण्यासाठी, एका शतकाहून अधिक काळ होत आला आहे. ‘टूर द फ्रान्स’ ही त्या प्रकारची सर्वांत नामांकित शर्यत. तिचा इतिहास विक्रमांचा म्हणून सांगितला जातो. परंतु तो तितकाच नियम करणाऱ्यांचा आणि नियम सोसणाऱ्यांचाही इतिहास आहे.

या शर्यतीचा जन्म क्रीडाप्रेमातून झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो एका वृत्तपत्राच्या खपाच्या चिंतेतून झाला. पॅरिसमधील ‘लोटो’ हे पिवळ्या कागदावर छापले जाणारे क्रीडा दैनिक ‘ल व्हेलो’ या हिरव्या कागदावरच्या प्रतिस्पर्ध्यापुढे टिकाव धरू शकत नव्हते. संपादक आंरी देग्रांज हे स्वतः एके काळचे नाणावलेले सायकलपटू. देशाला वळसा घालणारी शर्यत भरवावी, ही सूचना त्यांच्याच कचेरीतील झिओ लफेव्र या तरुण वार्ताहराची. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँझराँ येथून ६० स्पर्धक निघाले. टप्पे अवघे सहा, पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियाँ असा ४६७ किलोमीटरचा. त्यामुळे रात्रभर अंधारात सायकल हाकणे क्रमप्राप्त होते. अखेरपर्यंत पोहोचले ते २१. विजेता मोरिस गारँ हा इटलीच्या डोंगराळ भागात जन्मलेला, एके काळी धुराडी साफ करून पोट भरलेला सायकलपटू. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला त्याने जवळजवळ तीन तासांनी मागे टाकले. दैनिकाचा खप झपाट्याने वाढला आणि प्रतिस्पर्धी पत्र लवकरच बंद पडले.

दुसऱ्याच वर्षी, १९०४ साली, फसवणुकीचा एवढा सुळसुळाट झाला की शर्यत कायमची संपणार असे वाटू लागले. रस्त्यावर खिळे पसरण्यात आले, आपल्या भागातील स्पर्धक पुढे जावा म्हणून जमावाने इतरांना मारहाण केली, काहींनी आगगाडीचा आधार घेतल्याचे आरोप झाले. चौकशीअंती पहिले चारही क्रमांक रद्द झाले. त्यांत गारँही होता. विजेतेपद आंरी कोर्ने या विशीही न गाठलेल्या मुलाकडे गेले. याच धक्क्यानंतर नियमांचे पुस्तक जाड होऊ लागले.

१९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतात नेण्याचे ठरले. रस्त्याची पाहणी करण्यासाठी गेलेला स्टेनेस हा सहकारी तूरमाले खिंडीत बर्फात अडकला, रात्री वाट चुकला आणि कसाबसा सुखरूप खाली पोहोचला. तरीही त्याने पॅरिसला तार केली ती रस्ता उत्तम असून जाण्यायोग्य असल्याची! प्रत्यक्ष पाहणी आणि वर पाठविलेला अहवाल यांतील अंतर ही काही केवळ एकाच देशाची मिरासदारी नव्हे. तूरमालेची उंची २,११५ मीटर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही ती साडेचारशे मीटरहून अधिक उंच. त्या काळी तेथे रस्ता म्हणजे दगडगोट्यांची पायवाट होती. त्या दिवशी ऑक्ताव्ह लापीझ हा स्पर्धक काही ठिकाणी सायकल ढकलीत वर चढला आणि पुढच्या एका खिंडीत त्याने वाटेत उभ्या असलेल्या आयोजकांना ‘खुनी’ असे संबोधले. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. १९१७ साली महायुद्धात वैमानिक म्हणून तो मारला गेला.

या सर्व इतिहासात यूजेन क्रिस्तोफची हकीकत विशेष विचार करण्याजोगी आहे. १९१३ साली तो विजयाच्या दावेदारांपैकी एक होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. नियम असा होता की, सायकल बदलता येणार नाही, आणि दुरुस्ती स्पर्धकाने स्वहस्ते, कोणाचेही साहाय्य न घेता करावी. क्रिस्तोफने मोडकी सायकल खांद्यावर घेतली आणि सुमारे चौदा किलोमीटर चालत तो साँत-मारी-द-काँपाँ या खेड्यात आला. तेथे एक लोहारशाळा होती. लोहाराने तोंडाने सांगावे आणि क्रिस्तोफने स्वतः घण चालवावा, असे काम सुरू झाले. आयोजकांचे अधिकारी दारात उभे राहून लोहाराचा हात लागत नाही ना, यावर नजर ठेवीत होते. एका हातात लोखंड आणि दुसऱ्या हातात हातोडा असताना भाता चालवायला तिसरा हात कोठून आणायचा? तो एका पोराने चालविला. चिमटा जोडला गेला. पण पोराचे साहाय्य घेतले म्हणून क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. तोपर्यंत त्याचे तासामागून तास गेले होते आणि विजयाची आशा मावळली होती. तरीही त्याने शर्यत पूर्ण केली आणि सातवा क्रमांक मिळविला.

हा नियम मुळात वाईट नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. श्रीमंत सायकल-कारखानदारांनी आपल्या स्पर्धकांच्या दिमतीला मिस्त्री आणि सुट्या सायकली ठेवल्या असत्या, तर एकट्याने उतरलेल्या गरीब स्पर्धकाला काहीच संधी उरली नसती. नियम दुबळ्याच्या रक्षणासाठी होता. लोहारशाळेच्या दारात मात्र त्याचा हेतू निघून गेला आणि अक्षर तेवढे पहाऱ्याला उरले. क्रिस्तोफला ही शर्यत कधीच जिंकता आली नाही. १९१९ साली आघाडीवरच्या स्पर्धकाने पिवळा सदरा घालण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा तो घालण्याचा पहिला मान त्याचाच होता. आणि त्याच वर्षी, शर्यत संपत आली असताना, त्याचा चिमटा पुन्हा एकदा मोडला.

१९२४ साली नियमांच्या या अतिरेकाला तोंड फुटले. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए पहाटेच्या थंडीमुळे दोन सदरे घालून निघाला होता. ऊन चढल्यावर त्याने एक काढून टाकला. जे घेऊन निघाले ते सर्व घेऊनच पोहोचले पाहिजे, असा नियम होता. एका सदऱ्यासाठी विजेत्याची अंगझडती घेण्यापर्यंत मजल गेल्यावर पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरिस व्हील यांनी कुतांस गावी शर्यत सोडली. उपाहारगृहात ते बसले असता अल्बेर लोंद्र हा वार्ताहर त्यांना भेटला. त्याच्यापुढे त्यांनी आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या त्यांतून बाहेर पडल्या. लोंद्रने लिहिलेल्या वृत्तान्तामुळे या स्पर्धकांना रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी ही उपमा कायमची चिकटली. उत्तेजक द्रव्यांचा शिरकाव केवळ जिंकण्याच्या हव्यासातून झाला असे समजले जाते. पण त्याची सुरुवात बऱ्याच अंशी वेदना बधिर करण्यासाठी झाली, हे या प्रसंगावरून दिसते. शुद्धीवर असलेल्या शरीराने जे नाकारले असते, ते करवून घेण्याचा तो मार्ग होता.

त्याच वर्षी इटलीत नियम थोडा वाकविल्याचे एक उदाहरण घडले. आल्फोन्सिना स्त्रादा ही स्त्री तेथील ‘जिरो’ शर्यतीत पुरुषांबरोबर उतरली होती. वादळी पावसाच्या एका टप्प्यात पडल्यामुळे तिच्या सायकलीचे हँडल मोडले. केरसुणीचा दांडा बसवून ती पुढे गेली, पण वेळमर्यादा उलटली. तिची गणना होणार नाही, मात्र तिला पुढे जाऊ द्यावे, असा निर्णय झाला. बहुसंख्य पुरुष वाटेत गळाले. ती मिलानला पोहोचली.

टॉम सिम्प्सनच्या मृत्यूकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. इंग्लंडमधील खाणकामगाराचा हा मुलगा १९६५ साली जगज्जेता झाला होता. १३ जुलै १९६७ रोजी टूरचा मार्ग माँ व्हाँतू या पर्वतावरून जात होता. या पर्वताची उंची १,९०० मीटरहून अधिक असून माथा पांढऱ्या चुनखडीचा, झाडाच्या सावलीला पारखा आहे. त्या दिवशी उष्मा भयंकर होता. सिम्प्सन आधीपासूनच पोटाच्या विकाराने अशक्त झाला होता. माथ्याजवळ तो कोसळला. पुन्हा सायकलीवर बसविण्यात आले. थोडे अंतर जाऊन तो पुन्हा पडला तो उठलाच नाही. त्याचे वय २९ होते. त्याच्या सदऱ्याच्या खिशात अॅम्फेटामीनच्या नळ्या सापडल्या आणि शवचिकित्सेतही ते द्रव्य आढळले. हे औषध शक्ती देत नाही. थकव्याची जाणीव तेवढी पुसून टाकते. शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीकडे जाऊ लागले म्हणजे मनुष्य आपोआप मंदावतो, ही निसर्गाची सूचना असते. ती ऐकूच येऊ नये अशी व्यवस्था सिम्प्सनने स्वतः केली होती, यात शंका नाही. परंतु त्या काळी स्पर्धकाला पथकाकडून मिळणाऱ्या पाण्यावरही नियमानेच मर्यादा होती, ही गोष्टही त्याच्या दोषाशेजारी मांडली पाहिजे. ज्या ठिकाणी तो पडला, तेथे आता त्याचे स्मारक आहे. येणारे सायकलस्वार तेथे टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात.

फ्रान्समध्ये उत्तेजकांविरुद्धचा कायदा १९६५ सालीच झाला होता, आणि १९६६ साली टूरमध्ये पहिली तपासणी झाली तेव्हा स्पर्धकांनी तिचा निषेध केला होता. सिम्प्सननंतर तपासणी नियमित झाली. तथापि रोग मुरला होता. १९९८ साली ‘फेस्टिना’ पथकाच्या मोटारीत औषधांचा साठाच सापडला. आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात विजेतेपदे मिळविणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगची ती सर्व विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली. ती दुसऱ्या कोणाला देण्यात आली नाहीत. विजेत्यांच्या यादीत त्या सात ओळी रिकाम्या आहेत.

आज या शर्यतीत तीन आठवड्यांत २१ टप्पे आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर असते; विश्रांतीचे दिवस साधारणपणे दोन. शरीर निपचित पडले असता जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्या चार ते पाच पट खर्च हे स्पर्धक रोज करतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिका खंड पायी धावत ओलांडणाऱ्यांची मोजणी करण्यात आली. त्यावरून असे अनुमान निघाले की, महिनोन्‌महिने चालणाऱ्या श्रमात मनुष्य सुमारे अडीच पटींच्या पुढे टिकत नाही, कारण त्याहून अधिक अन्न पचविण्याची आतड्यांची क्षमता नसते. स्नायू किंवा इच्छाशक्ती कितीही दांडगी असली, तरी कोठार भरण्याचे दार अरुंद आहे. शेतमजुराच्या आहाराची चर्चा करणाऱ्यांनीही हे संशोधन नजरेखालून घालावे. शर्यतीत वाऱ्याचा रोध टाळण्यासाठी एकामागे एक राहून शक्तीची मोठी बचत होते. म्हणून प्रत्येक पथकात नायकापुढे वारा खाणारे, त्याच्यासाठी पाणी आणणारे सहकारी असतात. फ्रेंच भाषेत त्यांना घरगडी अशा अर्थाचा शब्द आहे. तो प्रथम हिणविण्यासाठी वापरला गेला. आज तो मानाचा झाला आहे.

टूरमध्ये निदान रात्र तरी झोपेची असते. १९८२ साली सुरू झालेल्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत तीही नाही. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. एकट्याने उतरणारे दिवसाकाठी एक-दोन तास झोपतात. मानेचे स्नायू इतके थकतात की डोके सावरत नाही. भासही होतात. स्लोव्हेनियाचा सैनिक युरे रोबिच याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. २०१० साली सराव करताना मोटारीशी टक्कर होऊन त्याचा अंत झाला.

या शर्यतीशी महाराष्ट्राचा संबंध मात्र प्रत्यक्ष आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पार पाडली. हे चौघेही वैद्यकीय व्यवसायातील असावेत, हा केवळ योगायोग नसावा. शरीराला कोठपर्यंत ताणावे याचा अंदाज आणि रात्रंदिवस पाठीशी राहणारे मदतनीसांचे पथक, यांवरच अशा प्रवासाचे यश अवलंबून असते.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याची परंपरा जुनी आहे. आता तर तालुक्याच्या गावीही सायकल आणि धावण्याच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची नावे बारकाईने तपासली जातात. दर काही किलोमीटरवर पाणी कोणी द्यायचे, रुग्णवाहिका कोठे उभी राहील, आणि अडखळणाऱ्या मुलाला थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र बहुधा आदल्या रात्री ठरते. व्यावसायिक क्षेत्रात ही शिस्त सावकाशच आली. पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह या खेळाडूचा डोक्याच्या दुखापतीने मृत्यू झाल्यावर, २००३ साली, शिरस्त्राण सक्तीचे झाले. अतितीव्र ऊन, बर्फ किंवा वादळ असल्यास टप्पा लहान करण्याची अथवा रद्द करण्याची नियमबद्ध तरतूद तर २०१६ साली अमलात आली, आणि तो निर्णय घेणाऱ्या बैठकीत आयोजकांबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्याला व स्पर्धकांच्या प्रतिनिधीलाही स्थान मिळाले.