पाहणे हाही अभ्यासच

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मुलाने "मित्रांबरोबर शहर पाहून आलो" असे कळविले की आपल्या घरात दोन प्रश्न निघतात. आई विचारते, "जेवलास का?" आणि वडील विचारतात, "तुला शिकायला पाठवलंय की फिरायला?" वडिलांचा प्रश्न रास्त आहे. पैसा कष्टाचा असतो. कुणी जमिनीचा तुकडा विकलेला असतो, कुणी आईचे दागिने. परंतु फिरणे आणि शिकणे ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे. त्यासाठी आपल्याच मुलखाशी नाते असलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत मी आज सांगणार आहे.

तिचे नाव अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या गोतावळ्यातील ही मुलगी १८७७ साली इस्तंबूल येथे जन्मली, कारण वडिलांचा व्यापार तिकडे होता. त्यांची बहीण नाजली ह्या जंजिऱ्याच्या नबाबांच्या बेगम. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून अतियाबेगम लंडनला गेल्या आणि मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. तेथे शिक्षिका तयार होत. आम्हां शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर त्या बी.एड. करायला गेल्या होत्या. आपल्या समाजातील मुलींना त्या काळी अक्षरओळख होणेही दुरापास्त होते, हे लक्षात घ्या.

आता परीक्षेच्या मापाने पाहू. सुमारे वर्षभराने, १९०७ साली, त्या अभ्यासक्रम पुरा न करताच परतल्या. प्रमाणपत्र मिळाले नाही. गल्लीतल्या भाषेत "वर्ष फुकट गेले." पण खरोखरच गेले काय?

अतियाबेगम परदेशात रोजनिशी लिहीत. कॉलेज, मैत्रिणी, भेटीगाठी, शहरात आणि शहराबाहेर पाहिलेली स्थळे, सारे त्यात येई. ही रोजनिशी बहिणींकडे घरी येत असे. पुढे ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' ह्या स्त्रियांच्या नियतकालिकात छापली गेली आणि १९२१ साली 'जमाना-ए-तहसील' ह्या नावाने तिचे पुस्तक निघाले. 'जमाना-ए-तहसील' म्हणजे शिक्षणाचा काळ. नाव विचारपूर्वक ठेवलेले आहे. भटकंतीचे दिवसही त्यांनी शिक्षणाच्याच खात्यावर मांडले. पडद्याआड राहणाऱ्या, गावाची वेसही न ओलांडलेल्या कितीतरी बायकांनी घरात बसून त्या पानांवर परदेश पाहिला. एकीने पाहिले आणि अनेकींना दिसले. असे वर्ष फुकट गेले असे कोण म्हणेल?

ह्याच वास्तव्यात, एप्रिल १९०७ मध्ये, लंडनला त्यांची अल्लामा इक्बाल यांच्याशी ओळख झाली. इक्बाल तेव्हा केंब्रिजचे विद्यार्थी होते. पुढे म्यूनिक विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांना जर्मन भाषा शिकायची होती, म्हणून ते त्या उन्हाळ्यात जर्मनीतील हायडेलबर्ग ह्या गावी जाऊन राहिले. ऑगस्ट महिन्यात अतियाबेगम आपल्या भावासह तेथे पोहोचल्या. तेथील शिक्षिका आणि विद्यार्थी मिळून सहलीला जात. भाषा वर्गात सुरू होई आणि नदीकाठच्या वाटेवर, जेवणाच्या टेबलावर पुढे चाले. ह्या दिवसांच्या आठवणी अतियाबेगमनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'इक्बाल' ह्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहिल्या आहेत. आणि इक्बालांचा अभ्यास बुडाला का? नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात म्यूनिकची डॉक्टरेट त्यांच्या हाती आली. आज हायडेलबर्गला नेकर नदीच्या एका काठाला त्यांचे नाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हायडेलबर्गसारख्या गावात पाहायचे तरी काय? तेथे १३८६ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. नदीवर लाल दगडाचा पूल आहे. तो १७८८ साली पुरा झाला, १९४५ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने स्वतःच त्याच्या कमानी उडविल्या आणि १९४७ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला. वर डोंगरउतारावर राजवाड्याचे भग्नावशेष आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला, १७६४ साली वीज पडून उरलेसुरले जळाले. पुढे तो नव्याने बांधावा की पडका तसाच जपावा ह्यावर तेथील जाणकारांत मोठा वाद झाला आणि बहुतेक भाग तसाच जपण्याचे ठरले.

एखादा विद्यार्थी ह्या राजवाड्यापुढे फोटो काढून परत येईल. दुसरा विचारील, हा कोणी पाडला? पुन्हा का बांधला नाही? न बांधता तो उभा कसा राखला? ह्या दुसऱ्या मुलाला आपल्या जंजिऱ्याच्या तटावर उभे केले, तर तो तेथेही हेच प्रश्न विचारील. परदेश पाहण्याचा खरा फायदा हा, की आपला मुलूख नव्या नजरेने दिसू लागतो. कुरआन शरीफमध्येही पृथ्वीवर फिरा, पाहा आणि विचार करा असा उपदेश वारंवार आला आहे. नुसते फिरा एवढेच म्हणून तो थांबलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून परगावी जाणाऱ्या मुलांना माझे तीन शब्द. जाण्यापूर्वी त्या स्थळाबद्दल थोडे वाचा. सोबत अशी निवडा की जी तुम्हांला प्रश्न विचारायला लावील. केवळ आपल्याच गावच्या चौघांत राहिलात, तर गाव बदलेल पण गप्पा बदलणार नाहीत. आणि रात्री निजण्यापूर्वी चार ओळी लिहा. आपली कोकणची माणसे जहाजांवर गेली, आफ्रिकेत गेली, आखातात गेली. किती बंदरे त्यांनी पाहिली! त्यांच्या गोष्टी आपण ओटीवर बसून ऐकल्या. ती माणसे गेली आणि गोष्टीही त्यांच्याबरोबर गेल्या. लिहिलेली वही मात्र क्वचितच कुणाच्या पेटीत सापडते.

आता पालकांना एक विनंती, आणि तीच आजच्या भाषणाची मुख्य गोष्ट आहे. हायडेलबर्ग दूर आहे. शाळेची सहल जवळ आहे. सहलीच्या संमतीपत्रांचा माझा अनुभव दरवर्षी सारखाच असतो. मुलग्यांची पत्रे दुसऱ्या दिवशी सही होऊन येतात. मुलींची दप्तरातच राहतात. विचारले तर मुलगी खाली पाहून म्हणते, "सर, अब्बा नाही म्हणाले." काळजी मला समजते. शिक्षिका बरोबर असाव्यात, वेळेत परत यावे, नमाजाची व जेवणाची नीट सोय असावी. ह्या अटी तुम्ही जरूर घाला, त्या पाळण्याची जबाबदारी आमची. पण अटी घालणे वेगळे आणि दार लावणे वेगळे. भाऊ किल्ला पाहून येतो आणि बहीण त्याच किल्ल्यावरचा धडा पाठ करते. मग तिचे गुण जास्त असले तरी शिक्षण कमी पडते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जंजिऱ्याच्या बेगमची बहीण शिकण्यासाठी लंडनला जाऊ शकली. आज आपल्या मुलींना जंजिऱ्यापर्यंत तरी जाऊ द्या. ह्या वर्षीची संमतीपत्रे येत्या आठवड्यात घरी येतील. भावाच्या पत्रावर सही कराल त्याच बैठकीत बहिणीच्याही पत्रावर करा, आणि दोघे परत आल्यावर दोघांनाही विचारा, "काय पाहिलेस, ते सांग बघू." ऐकताना तुमचीही थोडी सहल होईल.