रक्ततपासणीचा उपास

उपास हा शब्द आपल्या घरांत फार जुना आणि फार लाडका आहे. एकादशी असो, श्रावणी सोमवार असो की महाकालाच्या उज्जैनमधील महाशिवरात्र असो. उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि चहा-कॉफी ही ओघानेच आली. म्हणूनच प्रयोगशाळेतून ‘सकाळी उपाशीपोटी या’ असा निरोप आला की आपल्या माणसाचा घोटाळा होतो. पहाटेच्या गाडीने निघालेला मनुष्य नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरतो. समोर चहा उकळत असतो, माळव्याच्या पोहे-जिलबीचा वास दरवळत असतो. ‘खाल्ले तर काही नाही, नुसता चहा घेतला’ अशी स्वतःची समजूत घालून तो रक्त देण्यास जातो. त्या कपातील साखर रक्तात उतरते, अहवालातील आकडा चढतो आणि घरात नाहक घबराट पसरते.

प्रयोगशाळेचा उपास निराळा. रक्तातील साखरेच्या तपासणीसाठी किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही घ्यावयाचे नसते. पाणी मात्र अवश्य प्यावे. आम्हां कॅथलिकांना हा भेद समजण्यास जड जाऊ नये. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याने हा उपास मोडत नाही, असे ठरवून दिले. प्रयोगशाळेचा नियमही नेमका तसाच आहे.

तपासणीची वेळ ठरवितानाच तीन प्रश्न विचारून घ्यावेत. उपास लागतो काय? लागत असल्यास किती तासांचा? आणि जेवणानंतर पुन्हा रक्त द्यावयाचे आहे काय? द्यावयाचे असल्यास दोन तास मोजावयाचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या तपासणीस मात्र उपास लागत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्या सकाळी ते केव्हा घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. अशा रोग्याने शक्यतो पहिलीच वेळ मागून घ्यावी. रिकाम्या पोटी रांगेत ताटकळल्यास साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो.

सकाळची ही वेळ सर्वांत गैरसोयीची ठरते ती गृहिणीला. मुलांचे डबे, वृद्धांचा चहा, नोकरदारांची न्याहारी या साऱ्यांत तिची तपासणी ‘पुढच्या आठवड्यावर’ जाते आणि तो आठवडा काही उजाडत नाही. मधुमेह मात्र थांबत नाही. तो वर्षानुवर्षे निमूटपणे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पायांच्या नसा पोखरीत राहतो. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक निघाली, तर ते मधुमेहाचे लक्षण मानतात. पण इतर कोणताही त्रास नसल्यास दुसऱ्यांदा तपासल्यावाचून डॉक्टर निर्णय देत नाहीत. तेव्हा आकड्याचे भय बाळगू नये आणि अहवाल स्वतःच वाचून औषधही ठरवू नये.

रक्त द्यावे लागते ते जेमतेम एक-दोन चमचे. तेवढ्यासाठी घरातील इतरांनी एक सकाळ स्वयंपाकघर सांभाळले, तर त्या माउलीचा पुढे ढकललेला आठवडा एकदाचा उजाडेल.