सौद्याचा पडदा : नवख्यांसाठी आणि मुरलेल्यांसाठी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून, बिटकॉइन घ्यावे की घेऊ नये याचा कौल मिळेल अशा अपेक्षेने कोणी आले असेल तर त्यांची निराशा होणार आहे. त्या बाजारातले आम्ही व्यापारी नव्हे. फोनच्या काचेवर कोणता आकडा कोठे दिसावा, कोणते बटण केवढे असावे, हे ठरविण्याचा आमचा धंदा. काही वर्षांपूर्वी कूटचलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एका पेढीने आपला पडदा नव्याने मांडून देण्याचे काम आमच्याकडे सोपविले. त्या कामात आमच्या हातून काय साधले आणि काय बिघडले, ते आज सांगावयाचे आहे.

बाजार म्हणजे काय हे या गावाला सांगायला नको. गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर १९९५ सालापर्यंत दलाल ओरडून सौदे करीत. त्या वर्षी मार्च महिन्यात तेथे संगणकाचे पडदे आले आणि आरडाओरडा थांबला. पण जुन्या पद्धतीत एक सोय होती. तुम्ही नवखे आहात हे समोरच्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळे, आणि एखादा भला अडत्या कानात सांगे, ‘अहो, जरा थांबा.’ पडद्याला चेहरा ओळखता येत नाही. तो अडत्या आता पडद्यातच कोठेतरी बसवावा लागतो, आणि तो कोणाच्या बाजूने बसवायचा हाच खरा वादाचा प्रश्न आहे.

आता या बाजाराची वही कशी असते ते पाहू. एका बाजूला घेणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांची. प्रत्येकाने आपला भाव आणि नग लिहिलेले. तुम्ही दोन प्रकारे सौदा करू शकता. ‘अमुक भावानेच घेईन’ असे सांगून रांगेत उभे राहायचे, किंवा ‘मिळेल त्या भावाने द्या’ म्हणून मोकळे व्हायचे. दुसरा प्रकार सोपा वाटतो, आणि म्हणून नवख्याच्या पडद्यावर बहुधा तोच असतो. त्यातली मेख अशी, की समोरची रांग तोकडी असेल तर तुमची मागणी रांगेतला एकेक माणूस गिळीत पुढे सरकते आणि प्रत्येक पावलाला भाव बिघडत जातो. अमेरिकेतील कॉइनबेस कंपनीच्या जीडॅक्स नावाच्या बाजारात २१ जून २०१७ रोजी कोणी एकाने लक्षावधी डॉलरांचे ईथर ‘मिळेल त्या भावाने’ विकायला काढले. ३१७ डॉलरच्या आसपासचा भाव घसरू लागला. ‘भाव इतका पडला तर माझेही विका’ अशा इतरांच्या सुमारे ८०० आज्ञा त्या घसरणीने जाग्या झाल्या, आणि क्षणभर ईथर १० सेंटांना विकले गेले. यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक आज्ञा जशी लिहिली होती तशीच पाळली गेली. कंपनीने पुढे पदरच्या पैशाने लोकांची भरपाई केली, ही गोष्ट तिच्या जमेस धरली पाहिजे.

आमच्या पेढीची पहिली इच्छा अशी की दोन पडदे असावेत, एक साधा आणि एक जाणत्यांचा. ही चाल जगभर आहे. बायनान्सच्या अ‍ॅपमध्ये ‘लाइट’ आणि ‘प्रो’ अशी दोन रूपे आहेत. कॉइनबेसने तर कित्येक वर्षे जाणत्यांसाठी वेगळे दुकानच चालविले. २०१८ पासून त्याचे नाव कॉइनबेस प्रो होते. २०२२ साली ते मोडून तीच सोय मूळ अ‍ॅपच्या पोटात घेण्याचे तिने जाहीर केले. मौज अशी, की त्या दोन दुकानांत साध्या पडद्यावरचा सौदा महाग पडे आणि जाणत्यांचा स्वस्त. म्हणजे ज्याला कमी कळते त्याने जास्त द्यावे! सोपेपणाला किंमत असते हे आम्हाला मान्य आहे, शिंप्यानेही शिलाई घ्यावीच. पण शिलाई किती ते कापड फाडण्यापूर्वी सांगावे, एवढेच आमचे म्हणणे होते.

काम सुरू करण्यापूर्वी आम्ही काही माणसांना पडद्यासमोर बसविले आणि गप्प राहून पाहत बसलो. त्यांत एक निवृत्त मास्तर होते, गणिताचे. त्यांना वाटत होते की घ्यायचे तर अख्खे बिटकॉइनच घ्यावे लागते. ते आठ दशांश स्थळांपर्यंत तोडता येते, म्हणजे एकाचे दहा कोटी तुकडे होतात, हे पडद्याने त्यांना कोठेच सांगितले नव्हते. आणे-पैचा हिशेब केलेल्या माणसाला हे समजायला अर्धा मिनिट पुरला. पुढे रकमेच्या चौकटीशी ते अडखळले. चौकटीत त्यांनी ५००० असा आकडा घातला. मनात रुपये होते. चौकट मात्र नाण्यांचे नग विचारीत होती. खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून सौदा अडला, एरवी अनर्थच होता.

मास्तरांची चूक म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या बाजारात मिझुहो या मातबर दलाली पेढीला जे-कॉम कंपनीचा १ भाग ६,१०,००० येनला विकायचा होता. आकड्यांची अदलाबदल झाली आणि ६,१०,००० भाग प्रत्येकी १ येनला विकायला निघाले. कंपनीचे सगळे भाग मिळून पंधरा हजारांच्या आत होते! नुकसान ४,००० कोटी येनच्या घरात गेले. पडद्याने धोक्याची सूचना दिली होती. पण ऊठसूट येणाऱ्या सूचनांकडे कोण लक्ष देतो? लांडगा आला रे आला, त्यातलाच प्रकार. कूटचलनाच्या धंद्यातही मे २०२१ मध्ये क्रिप्टो डॉट कॉमने ऑस्ट्रेलियातील एका ग्राहकाला १०० डॉलर परत करण्याऐवजी सुमारे १ कोटी ५ लाख डॉलर पाठविले, कारण रकमेच्या जागी खाते क्रमांक टाकला गेला. कित्येक महिने ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. हे करणारी माणसे नवखी नव्हती.

तेव्हा नवखे आणि जाणते ही वाटणीच आम्हाला संशयास्पद वाटू लागली. नवखा माणूस दोन महिन्यांत नवखा राहत नाही, आणि जाणताही रात्री अकरा वाजता पेंगत असतो. आम्ही दोन वेगळे पडदे टाकून दिले. रकमेची चौकट एकच, तिच्याशेजारी ‘रुपये’ असे स्पष्ट लिहिलेले, लाख-कोटींच्या स्वल्पविरामासह आणि खाली तीच रक्कम अक्षरांत, बँकेच्या चेकवर लिहितो तशी. ती दोघांनाही त्याच जागी दिसे. ज्याला वही, आलेख, भाव बांधण्याची सोय पाहिजे त्याने तीच चौकट डावीकडे उलगडावी. तांबडा-हिरवा रंग आम्ही ठेवला, पण एकट्या रंगावर भिस्त ठेवली नाही. पुष्कळ पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, आणि जपान-चीनमध्ये तर भाव चढला की आकडा तांबडा होतो. म्हणून रंगाच्या जोडीला बाण दिले.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. मांडणी नीटनेटकी करण्याच्या भरात आम्ही ‘घ्या’ आणि ‘विका’ या बटणांच्या जागा बदलल्या. आमच्या दृष्टीने ती सुधारणा होती. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या व्यापाऱ्याने विकायचे ते घेतले. बोट सवयीने गेले, डोळ्यांनी पाहिलेच नाही. त्याला भुर्दंड बसला आणि तो आम्हाला फोनवर म्हणाला, ‘तुम्ही माझे दुकान मला न विचारता आवरलेत.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बटणे दुसऱ्या दिवशी जुन्या जागी गेली. त्यानंतर आम्ही जाणत्यांच्या गर्दीने भरलेल्या पडद्याला गबाळा म्हणणे सोडून दिले. सोनाराच्या खणांसारखी ती गर्दी त्यांना हातांनी पाठ असते.

मालकांशी मात्र खरा झगडा पुढेच झाला. त्यांना हवे होते की सौदा पुरा होताच पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडावा. अमेरिकेत रॉबिनहूडच्या अ‍ॅपमध्ये तसे होत असे. टीका झाली तेव्हा २०२१ साली त्यांनी ते बंद केले. आम्ही म्हटले, अहो, लग्नात अक्षता टाकतानासुद्धा आधी ‘सावधान’ म्हणतात. हा मुद्दा त्यांनी हसून सोडला. दुसरा सोडला नाही. मास्तरांनी आम्हाला विचारले होते, ‘हे आत्ता घेतले आणि आत्ताच विकले, तर माझ्या हातात किती येतील?’ आम्हाला हा प्रश्न इतका पटला की खरेदी पक्की करण्याच्या बटणावर आम्ही तीच ओळ घातली. समजा १०,००० रुपये लावले. मधल्या भावापेक्षा घेताना १ टक्का चढा, विकताना १ टक्का उतरता, आणि दोन्ही वेळा अर्धा टक्का दलाली; तर सुमारे ९,७०० परत येतात. १ जुलै २०२२ पासून आपल्याकडे अशा विक्रीवर १ टक्का कर उगमापाशीच कापण्याची तरतूद आहे तो वेगळा, आणि १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा न करता, तो आणखी वेगळा.

मालक म्हणाले, ही ओळ वाचून गिऱ्हाईक परत जाईल. आम्ही म्हणालो, काही जातील. बैठक दोन तास चालली. बाहेरगावची एवढी उदाहरणे आम्ही सांगितली, ती कोणी मनावर घेतली नाहीत. शेवटी हिशेबनीसाने एक साधी गोष्ट काढली, की कचेरीत येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी ‘माझे पैसे लगेच कमी कसे झाले’ याच असतात आणि उत्तरे देणाऱ्यांचा पगार पेढीच देते. तडजोड झाली. ओळ राहिली, पण बटणाच्या वर नव्हे, खाली, आणि अक्षर एक घर लहान.

मास्तरांना आम्ही तयार पडदा दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ धरला, ती ओळ शोधून वाचली, कागदावर गुणाकार करून ताडून पाहिली आणि फोन परत दिला. घेतले मात्र काही नाही. श्रोत्यांपैकी कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.