अडलेले छत

अमेरिकेत मोटारगाडीलाच घर करून हिंडणारी कुटुंबे मुक्कामी गाडीच्या बगलेला विजेवर उघडणारे कापडी छत पसरतात. वारा सुटला आणि छत मिटेनासे झाले, की कापड फाटते, दांडे वाकतात. गाडीही हाकता येत नाही. पहिला संशय मोटरवर जातो. तथापि शोध उगमापासून करावा : प्रथम १२ व्होल्टची बॅटरी, मग फ्यूज, मग बटण, मग गंजलेले जोड. मोटरच्या दोन्ही तारा सोडवून बॅटरीचा प्रवाह थेट दिला असता ती फिरली, तर दोष अलीकडे आहे; उलटी फिरल्यास तारांची अदलाबदल करावी. दांड्यांत मात्र ताण कोंडलेला असतो. घाईने ते सुटे करणारा जायबंदी होतो. पायरी न चुकवणाऱ्याचेच छत वाऱ्याआधी मिटते.